टोमॅटोच्या सॉसमध्ये क्रीम का फुटते?

प्रश्न : सुट्टीत मुले घरी आली की पास्ता करण्याचा आग्रह धरतात. कांदा, लसूण आणि टोमॅटो परतून मी सॉस चांगला आटवते. परंतु त्यात क्रीम घातले की ते फुटते आणि सॉसभर पांढऱ्या कण्या दिसू लागतात. साखर घालून पाहिली, तरी फरक पडला नाही. शिवाय आमच्या गावात क्रीम मिळत नाही, ते चिपळूणहून आणावे लागते. त्याऐवजी घरची साय, नारळाचे दूध किंवा काजू यांपैकी काय वापरावे?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : तुम्हाला दिसणाऱ्या पांढऱ्या कण्या म्हणजे एका अर्थी पनीरच होय. दुधातील केसीन हे प्रथिन सुमारे ४.६ इतक्या सामूला (सामू म्हणजे पीएच, आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) गोठते आणि टोमॅटोचा सामू साधारणपणे ४.२ ते ४.६ च्या दरम्यान असतो. त्यात सॉस रटरटत असेल, तर हे गोठणे अधिकच लवकर होते. साखरेमुळे जिभेला आंबटपणा कमी जाणवतो, पण आम्ल जेवढे असते तेवढेच राहते. म्हणून साखरेने क्रीम वाचत नाही. सॉस जास्त आटवल्याने आंबटपणा उडून जातो, हा समजही बरोबर नाही. आटल्यावर उडते ते पाणी, आम्ल मागेच राहते. आटवायचे ते कच्चट वास जाण्यासाठी आणि चव घट्ट होण्यासाठी.

क्रीम टिकते की फुटते, हे त्यातील स्निग्धांशावरही अवलंबून असते. आपल्याकडे खोक्यात मिळणाऱ्या साध्या क्रीममध्ये तो बहुधा २५ टक्क्यांच्या आसपास असतो. ३५ टक्क्यांच्या दाट क्रीममध्ये प्रथिने त्या मानाने कमी असल्याने ते पुष्कळ अधिक सहन करते. म्हशीच्या दुधाची घट्ट साय चालते, मात्र ती ताजी असावी. विरजणासाठी साठवलेली साय आधीच आंबटलेली असते, ती या कामाची नाही.

नारळाच्या दुधाविषयी माझे मत स्पष्ट आहे. ते घालून जे होते ते चवदार असते, पण ते टोमॅटोच्या साराच्या जवळ जाते, पास्त्याच्या सॉसच्या नव्हे. तरीही साराचा उल्लेख येथे मुद्दाम करावासा वाटतो, कारण तुम्हाला हवे असलेले कसब तुमच्या हातात आधीपासूनच आहे. सारात नारळाचे दाट दूध घातल्यावर आपण त्याला खळखळून उकळी येऊ देत नाही, नुसता कड येऊ देतो. सोलकढी तर चुलीवर चढवतच नाही. क्रीमच्या बाबतीतही हीच काळजी घ्यायची आहे.

कोकणातल्या घरासाठी माझी पहिली पसंती काजूला आहे. काजूत केसीन नसते, त्यामुळे आम्लाने फुटण्याचा प्रश्नच येत नाही. उलट त्यातील पिष्ट गरम झाल्यावर फुलते आणि सॉसला अंगचा दाटपणा येतो. यासाठी अख्ख्या काजूगरांवर खर्च करण्याची गरज नाही, पाकळी किंवा तुकडा पुरेसा आहे. चौघांसाठी साधारण ३५ ग्रॅम काजू अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून, थोड्याच पाण्यात, बोटाला रवा लागणार नाही इतके गुळगुळीत वाटावेत. वाटण खरबरीत राहिले तर सॉस रस्सा भाजीसारखा लागतो.

टोमॅटो पाऊण किलो घ्यावेत. घाटावरून येणारे टोमॅटो वाहतुकीत टिकावेत म्हणून पुष्कळदा अर्धकच्चे तोडलेले असतात. ते फ्रीजबाहेर दोन-तीन दिवस ठेवून पुरते लाल होऊ द्यावेत. मग तळाशी फुलीसारखी चीर देऊन उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवावेत आणि साले काढून बारीक चिरावेत. बियांभोवतालचा गर टाकू नये, टोमॅटोची खरी चव बरीचशी त्यातच असते. कच्चे टोमॅटो मिक्सरमधून काढले तर त्यात हवा मिसळून सॉसचा रंग फिकट नारिंगी होतो, म्हणून वाटायचेच असतील तर शिजल्यावर वाटावेत.

जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल तापवून एक बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत परतावा, सहा-सात लसूण पाकळ्या ठेचून घालाव्यात आणि लसूण तांबूस होण्याआधी टोमॅटो घालावेत. बिडाची कढई किंवा कल्हई नसलेले पितळी भांडे येथे नको, आंबटामुळे धातूची चव उतरते. कडेने तेल सुटेपर्यंत, म्हणजे सुमारे पंचवीस मिनिटे, सॉस शिजू द्यावा. मग काजूचे वाटण घालून दोन-तीन मिनिटे ढवळावे, आच अगदी मंद करावी आणि एक चमचा लोणी घालावे. क्रीम किंवा साय असेल तर ती खोलीच्या तापमानाला आणून फेटावी, तिच्यात दोन चमचे गरम सॉस कालवावा आणि मगच ती पातेल्यात ओतावी. त्यानंतर उकळी नको.

पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असावा. इटलीत सुक्या पास्त्यासाठी हाच गहू वापरण्याचा कायदा १९६७ पासून आहे. मैद्याचा पास्ता लवकर गिचका होतो. चौघांना ३२० ग्रॅम पास्ता पुरतो. तो उकळलेले पाणी वाटीभर राखून ठेवावे, कारण त्यातील पिष्टामुळे तेल आणि टोमॅटोचा रस वेगळे न होता एकजीव राहतात. हे पाणी खारट असते, म्हणून सॉसमध्ये मीठ शेवटी चाखूनच घालावे.

वासासाठी परसातली तुळस घालू नये, तिचा वास उग्र असतो. सब्जाचे रोप असेल तर त्याची कोवळी पाने घालावीत, कारण इटालियन बेसिल आणि आपला सब्जा या एकाच जातीच्या वनस्पती आहेत.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे वीज वारंवार जाते. असा सॉस आधी करून ठेवता येईल का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : टोमॅटो, कांदा आणि लसणाचा शिजवलेला भागच तेवढा करून ठेवावा. तो पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरला तर फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. काजूचे वाटण आणि साय मात्र आयत्या वेळीच घालावी, कारण वीज जाऊन फ्रीज कोमट झाला की आधी नासतात त्या याच दोन गोष्टी. रात्रभर वीज नसेल, तर तो डबा दुसऱ्या दिवशी वापरू नये. टोमॅटो आंबट असल्याने बिघडल्याचा वास लवकर कळत नाही.