गेल्या वर्षीचं बीर-बिलिंग अजून फिटलेलं नाही

प्रश्न: आम्ही ठाण्यात राहतो. मी ३६, पत्नी ३४, मुलगी सहा वर्षांची. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,१५,०००, त्यातून घराचा हप्ता ३८,०००. आम्हा दोघांनाही राफ्टिंग आणि क्लाइंबिंगचं वेड आहे. मुलीला आजीकडे ठेवून वर्षातून चार वीकेंड, मुंबईहून दोन-अडीच तासांच्या विमानप्रवासात जमतील अशा ट्रिपा करायच्या आहेत. ऋषिकेश, दांडेली, हंपी डोक्यात आहेत. बँकेने एक ट्रॅव्हल क्रेडिट कार्ड मंजूर केलं आहे. फी वर्षाला ५,०००, पण विमानतिकिटांसाठी माइल्स मिळतात, विमानतळावर लाउंज मिळतो. घ्यावं का? सध्याच्या कार्डाचं बिल कधीच थकवलेलं नाही, मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) ऑटो-डेबिटवर लावून ठेवला आहे. २०२७ मध्ये पॉलिसीचे पैसे दुप्पट होऊन येतील, तेव्हा पुढच्या ट्रिपांची चिंता नाही. २,२५,०००ची एफडी आहे, तिला हात लावायचा नाही. स्टेटमेंट आणि पॉलिसीचे कागद जोडले आहेत.

उत्तर:

नवं कार्ड घेऊ नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. बाकीचं पत्र तुम्ही न विचारलेल्या गोष्टींबद्दल आहे, आणि ते कृपा करून दोघांनी एकत्र बसून वाचा.

तुम्ही पाठवलेलं स्टेटमेंट उघडा. मागची बाकी जवळपास १,६०,०००. खाली 'फायनान्स चार्जेस' म्हणून ५,५९०, त्याच्याखाली त्यावरचा जीएसटी १,००६. म्हणजे एका महिन्याचं व्याज ६,६०० रुपये. त्याच पानावर त्या महिन्यात मिळालेले रिवॉर्ड पॉइंट आहेत ४१२. पॉइंटला पंचवीस पैसे धरले तरी शंभर रुपये. शंभर रुपये मिळवायला तुम्ही साडेसहा हजार मोजता आहात, आणि आता त्यात आणखी एका कार्डाची भर घालायची म्हणता.

बिल थकवलं नाही हे खरं आहे, पण ते भरलंही नाहीत. मिनिमम ड्यू भरला की लेट फी लागत नाही आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, थकबाकीचा शिक्का बसत नाही, एवढाच त्याचा उपयोग. उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज चालू राहतं, वर १८ टक्के जीएसटी. आणि बाकी उभी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. तुम्ही पुढचं विमानाचं तिकीट त्या कार्डावर काढलंत की त्याच दिवसापासून त्यावर व्याज. कार्ड वापरणाऱ्या कितीतरी लोकांना ही गोष्ट माहीत नसते, आणि कार्ड विकणारा ती आपणहून सांगत नाही. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर कर्ज फिटायला वर्षं लागतील, हा इशारा रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बिलावरच छापावा लागतो. तुमच्याही बिलावर तो आहे, बारीक अक्षरांत.

वर्षं म्हणजे किती? मिनिमम ड्यू पाच टक्के, म्हणजे ८,०००. त्यातले ६,६०० व्याजात जातात, मुद्दल कमी होतं १,४०० रुपयांनी. बाकी जशी उतरेल तसा पुढचा मिनिमम ड्यूही उतरतो, त्यामुळे गती तीच मंद राहते. यापुढे कार्डावर एक रुपयाचीही खरेदी केली नाही, तरी ही बाकी निम्मी व्हायलाच साडेसहा वर्षं लागतील. तोवर तुम्ही साधारण साडेचार लाख भरलेले असतील आणि कर्ज कमी झालं असेल ऐंशी हजारांनी. मुलगी तेव्हा सातवीत असेल.

या बाकीत काय आहे, तेही पाहिलं. गेल्या नोव्हेंबरातलं हिमाचलमधल्या बीर-बिलिंगचं पॅराग्लायडिंग, त्याची दिल्लीमार्गे तिकिटं, हॉटेल. ती ट्रिप तुम्ही अजून फेडताच आहात. सध्याच्या दराने तुमचं वर्षाचं व्याज ७९,००० होतं. दोघांच्या दोन वीकेंड ट्रिपा त्यात सहज होतात. पैसे तुमच्याकडे नाहीत असं नाही, ते भलतीकडे चालले आहेत.

आता एफडी. तिला हात लावायचा नाही, असं तुम्ही ठामपणे लिहिलंत. मला ती भावना कळते, दोन-सव्वादोन लाख बाजूला आहेत या आधारावर माणसाला झोप लागते. पण ती एफडी सात टक्क्यांनी वर्षाला १५-१६ हजार देते, त्यावर करही लागतो. आणि शेजारीच जीएसटी धरून ४९-५० टक्क्यांचं कर्ज उभं आहे. घागरीत पाणी साठवताना तळाचं भोक तसंच ठेवण्यातला हा प्रकार आहे. एफडी याच आठवड्यात मोडा. मुदतीआधी मोडल्याचा एखादा टक्का कापला जाईल, जाऊ द्या. भरण्याआधी कार्डाच्या कस्टमर केअरला त्या दिवसाची पूर्ण बाकी विचारा, कारण स्टेटमेंट निघाल्यानंतरचं व्याज त्यात धरलेलं नसतं. ती सगळी रक्कम भरा. पुढच्या बिलातही थोडं व्याज दिसेल, तेही पूर्ण भरा. मग ऑटो-डेबिटमध्ये 'मिनिमम'च्या जागी 'टोटल ड्यू' निवडा.

एफडीतले साठेक हजार उरतील. सहा महिन्यांचा खर्च हाताशी असावा, तो तुमच्या बाबतीत चार लाखांच्या पुढे जातो. त्यामुळे कार्डावर जाणारे ८,००० मोकळे झाले की त्यातले ५,००० त्या निधीत टाका आणि ३,०००ची एक वेगळी आरडी ट्रिपसाठी उघडा.

पॉलिसीबद्दल मला राग आला, तो तुमच्यावर नाही. 'पाच वर्षांत दुप्पट' व्हायला वर्षाला जवळपास पंधरा टक्के परतावा लागतो. पारंपरिक एंडोमेंट पॉलिसी, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली, पाच-सहा टक्क्यांच्या आसपास देते. शिवाय तुम्ही पाठवलेल्या कागदावर साफ लिहिलं आहे: हप्ता वर्षाला एक लाख, दहा वर्षं भरायचा, मुदत वीस वर्षं. २०२२ मध्ये घेतलेली पॉलिसी २०४२ मध्ये पिकेल. २०२७ मध्ये तुमच्या हातात येईल ती पुढच्या हप्त्याची नोटीस. त्या पैशांवर ट्रिपा आखू नका. आणि विमा किती, तर दहा लाख! घरावर कर्ज, मुलगी सहा वर्षांची, दोघं मिळून नदीत उतरणार, डोंगर चढणार. तुमच्या दोघांच्याही नावावर साधा टर्म इन्शुरन्स (बचत नसलेला, निव्वळ आयुर्विमा) हवा, तुमचा निदान एक कोटीचा. तो वर्षाला १५ ते २० हजारांत मिळतो. तो हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी बंद करू नका.

मग विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली, म्हणजे बंद करून पैसे घेतले, तर किती मिळतील आणि पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली, तर मुदतीअंती किती. बँकेतल्या माणसाचा 'दुप्पट'चा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज अजून आहे असं तुम्ही कागदांसोबतच्या चिठ्ठीत लिहिलंत. तो जपून ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा, तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे. तिथे असा लेखी पुरावा कामी येतो.

आता ट्रिपा. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. चार मात्र झेपणार नाहीत. या वर्षी विमानाची एक, पॉलिसीचा प्रश्न सुटल्यावर पुढच्या वर्षी दोन.

ऋषिकेशचा हिशोब: मुंबई-देहरादून येण्याजाण्याची तिकिटं वेळेत काढली तर दोघांची २०,००० धरा. जॉली ग्रँट विमानतळापासून ऋषिकेश वीसेक किलोमीटर, टॅक्सी आणि इतर फिरणं ३,०००. दोन रात्री राहणं ६,०००, जेवणखाण ४,०००. शिवपुरी ते ऋषिकेश हा सोळा किलोमीटरचा राफ्टिंगचा पट्टा दोघांचा मिळून दोन-तीन हजारांत होतो. एकूण ३६,००० च्या आत, म्हणजे वर्षभराची आरडी. जुलै-ऑगस्टमध्ये गंगेत राफ्टिंग बंद असतं, तेव्हाची स्वस्त तिकिटं बघून भुलू नका.

दांडेली याहून स्वस्त पडतं. मुंबई-हुबळी विमान सव्वा-दीड तासाचं, पुढे गाडीने सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. काळी नदीवरचं राफ्टिंग गणेशगुडीला होतं, सुपा धरणातून सोडलेल्या पाण्यावर, म्हणून त्या दिवशी पाणी सुटणार आहे ना हे बुकिंगआधी विचारा. तीस हजारांत होईल. हंपीचे ग्रॅनाइटचे दगड क्लाइंबिंगवाल्यांसाठी खजिना आहेत, पण हुबळीहून आणखी दीडशे किलोमीटरच्या वर जावं लागतं आणि फेब्रुवारीनंतर दगड तापतात. एक दिवसाची रजा जोडणार असाल तरच जा. बीर-बिलिंग तर वीकेंडचं ठिकाणच नाही, ते तुमच्या स्टेटमेंटने सिद्ध केलं आहे.

शुक्रवार रात्र ते रविवार रात्र हीच तिकिटं सगळ्यांना हवी असतात. शनिवारी पहाटे निघून सोमवारी पहाटे परतलात तर बऱ्याचदा माणशी दोन-अडीच हजार वाचतात. मधल्या महिन्यांत हात शिवशिवले तर कोलाडला कुंडलिकेवर जा. ठाण्याहून सकाळी लवकर निघून संध्याकाळी घरी, आणि गंगा बंद असते त्या पावसाळ्यातही तिथे राफ्टिंग चालतं.

एक गोष्ट जाण्याआधी तपासा. आरोग्य विम्यात साहसी खेळांची जी ठरलेली वगळणूक असते, ती व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी आहे. हौसेने राफ्टिंग करताना हाड मोडलं तर एरवी क्लेम मिळायला हवा. पण नोकरीच्या कंपनीकडून मिळणाऱ्या ग्रुप पॉलिसीत आणि वैयक्तिक अपघात विम्यात अटी याहून कडक असू शकतात. तुमच्या एचआरकडून पॉलिसीची प्रत मागवा आणि ते कलम स्वतः वाचा.

नवं कार्ड कुरियरने घरी आलं तर ते सुरू करू नका. तीस दिवसांत सुरू झालं नाही तर बँकेला ओटीपीने तुमची संमती विचारावी लागते. ती दिली नाहीत की खातं विनाशुल्क बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे. त्या काळात गोड बोलून ओटीपी मागणारे फोन येतील. कुणालाही सांगू नका.