बाळाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, मग आता गोळ्या कुणासाठी?

"मॅडम, लेकरू चांगलं निघालं ना, मग आता गोळ्या बंद केल्या तर चालंल का?" एचआयव्हीची समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की बाई दारातून आत येऊन नुसती खुर्ची ओढायला लागली तरी मला कळतं की आता हेच विचारणार. कधी बाई स्वतः विचारते, कधी तिची आई, आणि बऱ्याचदा कुणीच विचारत नाही, बाई यायचीच बंद होते आणि फोन स्विच ऑफ लागतो. म्हणून हे लिहितेय. गोष्ट एकीचीच आहे पण ओळख पटेल असं सगळं बदललंय, नावही देत नाही.

बीडकडची, बावीस-तेवीस वर्षांची, ऊसतोडीला जाणारी. गुढीपाडव्याच्या आसपास चौथ्या महिन्यात तपासणीला आली आणि एचआयव्ही निघाला. नंतर नवऱ्याचाही निघाला, पण आधी हिचा कळला म्हणून बोल हिलाच, ते नेहमीचंच आहे, त्यावर लिहित बसत नाही. त्याच आठवड्यात गोळी सुरू केली. आपल्याकडे 2014 पासून प्रत्येक गरोदर पॉझिटिव्ह बाईला लगेच आणि आयुष्यभरासाठी औषध सुरू करतात, रोज एकच गोळी, तिच्यात तीन औषधं. मी तिला सांगितलं, काहीच उपचार नसले तर शंभरातल्या 15 ते 45 बाळांना आईकडून लागण होते, आणि औषध नीट चालू असलं तर पाचाच्याही खाली येते. ती म्हणली, "लेकरासाठी काय पण करीन." मी म्हणलं, बस, लेकरासाठीच घे.

हे वाक्य लक्षात ठेवा.

गणपतीच्या दिवसांत मुलगी झाली. माहेरी बाळंतीण, घरात आई सोडून कुणाला माहीत नाही. सहा आठवडे बाळाला औषधाचे थेंब, अंगावरचं दूध सोडून काही नाही. पाचवीला आजीनं मध चाटवायला काढला, नंतर गुटी उगाळली, तर हिनं "डॉक्टरनं नाही सांगितलंय" एवढंच धरून ठेवलं. (सहा महिने अंगावरचं आणि सोबत वरचं पाणी, मध, गुटी असं मिसळून देणं हे फार वाईट, बाळाच्या आतड्याला इजा होते आणि लागणीचा धोका वाढतो.) सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पाठवले, रिपोर्ट निगेटिव्ह. ती रडली, मी पण रडले, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतर टोळी निघाली सांगली साइडला. मी तीन महिन्यांच्या डब्या, उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक आणि तिकडच्या एआरटी सेंटरसाठी (जिथं एचआयव्हीची औषधं मिळतात) चिठ्ठी असं सगळं बांधून दिलं. खरं सांगते, आपण किती भारी काम केलं असं वाटत होतं मला.

गुढीपाडव्याला परत आली. पिशवीतून डब्या काढून टेबलावर ठेवल्या. एक अर्धी, दोन फोडलेल्याच नाहीत. आणि मुलगी अजून अंगावर पीत होती.

मी काही बोलायच्या आधीच तीच म्हणली, "पोरगी निगेटिव्ह आली ना मॅडम. मग कुणासाठी खायच्या?"

मला एकदम लख्ख दिसलं. सहा महिने मीच तिला शिकवलं होतं की गोळी लेकरासाठी असते. मग लेकराचं काम झालं की गोळीचं काम झालं, हिशोब बरोबरच होता तिचा! आम्ही याला "पेशंट बेफिकीर आहे" म्हणतो. तेव्हापासून मी तसं म्हणत नाही, आणि नवीन येणाऱ्या समुपदेशकांनाही म्हणू देत नाही.

पहिली गोष्ट, त्याच दिवशी तिला आणि बाळाला डॉक्टरांकडे नेलं. बाळाची सहा महिन्यांची टेस्ट तशीही बाकी होती, आईचा व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ती तपासणी) पाठवला, बाळाला परत औषध द्यायचं का आणि दुधाचं काय ते डॉक्टरांनी ठरवलं. तो रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते तिलाच माहीत.

पण मग बसलो बोलत. रागावणं सोपं होतं. माझा विश्वास असा की माणसाला स्वतःचं उत्तर असतं, आपण मधे बडबड केली की ते आत जातं. म्हणून विचारलं, तिकडं तुझा दिवस कसा असायचा ते सांग.

पहाटे तीनला उठणं, भाकरी, फडावर, मोळ्या बांधणं, डोक्यावर वाहणं, गाडी भरेपर्यंत रात्र. कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, एकमेकींना चिकटून. "डबी वाजते मॅडम. शेजारची लगेच इचारती, कशाच्या गोळ्या गं? एक दिवस लपवली, दोन दिवस लपवली, मग म्हणलं जाऊ दे."

"आणि तू आजारी पडलीस तर?"

"पडून कसं चालंल? मी बसले तर अर्धा कोयता व्हतो. उचल दोघांच्या नावावर हाय." (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल म्हणजे कामाआधीच घेतलेले पैसे.)

मी गप्प. लई वेळ गप्प. बाहेर लाइनीतली लोकं कुरकुर करायला लागली. ती पोरीच्या झबल्याची गाठ सोडायची, परत बांधायची. मग हळूच म्हणली, "म्हंजी गोळी मलाच लागती की. मी उभी ऱ्हायले तर पोरगी उभी."

मला मनातून वाटत होतं की हिनं "मला माझ्यासाठी जगायचंय" असं काहीतरी म्हणावं. ते माझ्या वाचनातलं होतं. ती कोयत्याच्या रस्त्यानं आली, स्वतःच्या पायांनी आली, आणि तो रस्ता माझ्या रस्त्यापेक्षा पक्का निघाला.

राहिली वाजणारी डबी. त्यावर आम्ही दोघींनी मिळून डोकं चालवलं. डबीत वरून कापूस कोंबायचा. कुणी विचारलं तर "रक्त वाढायच्या गोळ्या" म्हणायचं, बाळंतिणीला त्या कोण विचारतंय. एक सहकारी म्हणले, खोटं बोलायला शिकवता का? हो, शिकवते. आजार सांगायचा की नाही हा तिचा हक्क आहे, 2017 चा एचआयव्ही कायदा पण तेच म्हणतो, कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तिच्या संमतीशिवाय कुणी फोडू शकत नाही. फक्त एक, खऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची वेळ डॉक्टरांना विचारून घ्या, उपाशीपोटी एचआयव्हीच्या गोळीसोबत एकदम घेतल्या तर औषध नीट लागू होत नाही.

तुमच्यापैकी कुणी याच जागी असेल तर, सहा आठवड्यांचा रिपोर्ट हा शेवटचा नसतो. सहा महिने, बारा महिने आणि पक्का निकाल 18 महिन्यांना, कारण दूध चालू आहे तोवर वाट उघडी आहे आणि ती बंद ठेवते ती आईची गोळी. माहेरी, टोळीवर, पुण्याला, कुठंही जायचं असेल तर आधी सेंटरला सांगा, जास्त महिन्यांचं औषध आणि तिकडच्या सेंटरची चिठ्ठी मिळते. मधे खंड पडला असेल तर लाजून घरी बसू नका, त्याच दिवशी या, आणि यायचं नसेल तर 1097 ला फोन लावा, फुकट आहे.

तिच्या पोरीचे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले, 18 महिन्यांचा सुद्धा. त्यात नशिबाचाही वाटा होता, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. पुढच्या दिवाळीआधी टोळी निघायच्या आदल्या दिवशी आली, पोरगी कडेवर. डब्या घेतल्या, पिशवीतून कापूस काढला, माझ्यासमोरच भरला, झाकण लावलं आणि डबी माझ्या कानाशी धरून जोरात हलवली.

"बगा, वाजती का?"