सभापती की अध्यक्ष? एका 'प्रेद्सेदातेल'ची गोष्ट

प्रश्न असा आला आहे: व्होरोशिलोव्ह, पोदगोर्नी यांना मराठीत कुठे 'सोव्हिएत संघाचे अध्यक्ष' म्हटलेलं दिसतं, तर कुठे 'सर्वोच्च सोव्हिएतचे' (म्हणजे तिथल्या संसदेचे) 'सभापती'. पद एकच, मग बरोबर शब्द कोणता?

माझं मत 'अध्यक्ष'च्या बाजूने आहे. गोंधळ मुळात रशियन शब्दामुळे होतो. 'प्रेद्सेदातेल' म्हणजे पुढे बसणारा. सर्वोच्च सोव्हिएतच्या प्रेसिडियमचा, म्हणजे तिच्या स्थायी मंडळाचा, प्रमुख प्रेद्सेदातेल, तिच्या दोन्ही सभागृहांचे प्रमुखही प्रेद्सेदातेल. मंत्रिपरिषदेचा, म्हणजे ज्याला आपण पंतप्रधान म्हणतो तोही प्रेद्सेदातेलच, आणि केजीबी या गुप्तचर संस्थेचा प्रमुखसुद्धा! संदर्भ पाहिल्याशिवाय मराठी शब्द ठरवता येत नाही.

१९३६च्या राज्यघटनेनुसार सर्वोच्च सोव्हिएतची दोन सभागृहं होती: संघ सोव्हिएत आणि राष्ट्रजातींची सोव्हिएत. दोघांचे प्रमुख वेगळे, आणि संयुक्त बैठक असली की ते आळीपाळीने कामकाज चालवत. प्रेसिडियमचा प्रमुख मात्र सभा चालवायला नव्हता. अधिवेशनं वर्षातून मोजके दिवस भरत, मधल्या काळात हुकूम काढायचे ते प्रेसिडियमने, आणि परदेशी राजदूतांची अधिकारपत्रं स्वीकारायची तीही त्यानेच. कालिनिन १९३८ ते १९४६, व्होरोशिलोव्ह १९५३ ते १९६०, पोदगोर्नी १९६५ ते १९७७ या पदावर होते. ही माणसं देशाचं औपचारिक प्रमुखपद भूषवत होती (खरी सत्ता पक्षाच्या सरचिटणीसाकडे, ते सोडा). म्हणून 'प्रेसिडियमचे अध्यक्ष' हे नेमकं, आणि बातमीपुरतं 'राष्ट्राध्यक्ष' म्हटलं तरी बिघडत नाही. 'सभापती' राखून ठेवावं ते सभागृहांच्या प्रमुखांसाठी. प्रिमाकोव्ह पुढे रशियाचे पंतप्रधान झाले, पण १९८९-९०मध्ये ते संघ सोव्हिएतचे सभापती होते.

खरी पंचाईत गोर्बाचोव्ह करतात. मे १९८९मध्ये ते थेट सर्वोच्च सोव्हिएतचे प्रेद्सेदातेल झाले, म्हणजे राष्ट्रप्रमुखही तेच आणि लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसच्या (सर्वोच्च सोव्हिएत निवडणाऱ्या मोठ्या प्रतिनिधिसभेच्या) व्यासपीठावर बसून सरकारचे टीकाकार शास्त्रज्ञ सखारोव्ह यांना 'वेळ संपली' म्हणणारेही तेच. त्या दहा महिन्यांसाठी दोन्ही शब्द चालतील. मार्च १९९०मध्ये रशियनने 'प्रेझिदेंत' हा परका शब्द राष्ट्रप्रमुखासाठी घेतला आणि काम सोपं झालं: गोर्बाचोव्ह राष्ट्राध्यक्ष, लुक्यानोव्ह सर्वोच्च सोव्हिएतचे सभापती.

गंमत अशी, की 'प्रेझिदेंत'च्या लॅटिन मुळाचा अर्थही पुढे बसणाराच. रशियनने एकाच कल्पनेचे दोन शब्द दोन खुर्च्यांना वाटून दिले. दोन्हींच्या पोटातला 'सेद' म्हणजे आपल्या 'सद्' धातूचा सख्खा भाऊ. पण आपल्याकडे हा धातू प्रमुखाच्या नाही, तर सदस्य, सभासद, संसद, परिषद यांच्या वाट्याला आला. आपला अध्यक्ष बसत नाही, वरून बघतो. ऋग्वेदाच्या नासदीय सूक्तातला 'यो अस्याध्यक्षः परमे व्योमन्' आठवा. सभापती तर सभेचा धनीच. रुद्रात 'सभापतिभ्यश्च' असा त्यांना नमस्कार आहे, तेव्हा तोही शब्द काल-परवाचा नव्हे.

'सभापती म्हणजे फक्त सभा चालवणारा' ही वाटणी मात्र मी सोयीसाठी केली आहे. मराठीत ती पक्की नाही. विधानसभेला अध्यक्ष, विधान परिषदेला सभापती; जिल्हा परिषदेला अध्यक्ष, पंचायत समितीला सभापती. यात अर्थाचा तर्क शोधू नका, रूढीच आहे.

आणि सामूहिक शेताचा, कोलखोझचा, प्रेद्सेदातेल भाषांतरात आला तर? तिथे मी दोन्ही शब्द बाजूला ठेवून सरळ 'चेअरमन' लिहीन. साखर कारखान्याच्या परिसरात वाढलेल्या वाचकाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.