पेढ्यांचा बॉक्स आणि सुट्टे 29

प्रश्न : सर नमस्कार, मी साताऱ्यात रूम घेऊन पोलीस भरतीची तयारी करतेय. ग्राउंडचं टेन्शन नाही पण लेखीत बाकीची गणितं आली की गडबड होते. "एका संख्येला 56 ने भागलं तर बाकी 29, त्याच संख्येला 8 ने भागलं तर बाकी किती?" याची ट्रिक पाठ होती, 29 ला 8 ने भागायचं, 5 आलं, बरोबर. पुढच्या सराव पेपरात तेच गणित होतं फक्त 8 च्या जागी 9, मी 2 ला टिक केलं तर चूक. असं का?

उत्तर : अगं तुला ट्रिक अर्धीच सांगितलीय. समज मोती चौकातनं कंदी पेढे आणलेस, एका बॉक्समधे 56, सगळे बॉक्स भरून 29 सुट्टे उरले. आता तेच पेढे 8-8 च्या डब्यात भरायचेत. एक बॉक्स फोडला की बरोबर 7 डबे होतात, एकपण पेढा उरत नाही, मग बॉक्स 10 असोत नाहीतर 100, त्यांच्याकडं बघायचंच नाही. सुट्ट्या 29 मधे 3 डबे भरले, राहिले 5.

9 चे डबे घेतलेस की मात्र प्रत्येक बॉक्समागं 2 पेढे उरत जातात आणि बॉक्स किती हे कुणीच सांगितलेलं नाही. संख्या 29 असेल तर बाकी 2, 85 असेल तर 4, आणि दोन्ही अटीत बसतात. त्यामुळं तिथं "सांगता येत नाही" हाच पर्याय. आधी मोठ्या भाजकाला छोट्यानं पूर्ण भाग जातो का ते बघ, मगच ट्रिक वापर. 90 मिनिटांत 100 प्रश्न, म्हणजे एकाला 54 सेकंद, पण हे बघायला दोन सेकंद पुरतात.

असाच घोळ लसाविच्या गणितात होतो. 5, 6, 8 ने भागल्यावर बाकी अनुक्रमे 3, 4, 6 उरते अशी सगळ्यात लहान संख्या कोणती? बाक्या वेगवेगळ्या दिसल्या की पोरं घाबरतात, पण भाजकातनं बाकी वजा करून बघ, सगळीकडं 2 च येतात. म्हणजे संख्या पूर्ण भागाला 2 नं कमी पडतेय. लसावि 120, त्यातनं 2 काढ, 118. चार अंकी लहानात लहान विचारली तर 120 ची पट 1000 च्या पुढं न्यायची, 1080, आणि 2 काढून 1078. 960 मधनं 2 काढून 958 लिहू नको, तो तीन अंकीच राहतो.