स्क्रीन रीडरवर काम करताना कीबोर्ड शॉर्टकट कसे शिकायचे? आणि कमांड प्रॉम्प्ट वापरता येतो का?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या तुमच्या भावाची नजर अधू होत चाललीय, मुक्त विद्यापीठातून तो बी.कॉम. करतोय, लॅपटॉपवर एनव्हीडीए (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर) टाकून दिलंय, पण शॉर्टकटची यादी पाठ करून तो वैतागलाय. शिवाय ती काळी कमांडची खिडकी आता त्याच्यासाठी बंदच झाली का, असंही विचारलंय.

मी दृष्टिहीन आहे. नाशिकमधल्याच द्वारका भागाजवळच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिलांचं काम बघते, दिवसभर एनव्हीडीएवरच असते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: बंद तर नाहीच, उलट कानांनी काम करणाऱ्याला कमांड प्रॉम्प्टइतकी सोयीची जागा संगणकावर क्वचितच सापडेल. तिथे चित्रं नाहीत, मध्येच उगवणाऱ्या खिडक्या नाहीत. एक ओळ लिहायची, एंटर मारायचं, उत्तर ऐकायचं. त्रास होतो तो एवढाच की ती खिडकी भसाभसा बोलते. तिला कमी बोलायला लावणं हेच शिकायचं आहे.

यादी आधी बाजूला ठेवा. पहिली की शिकायची ती गप्प करण्याची. कंट्रोल दाबलं की आवाज तिथेच थांबतो, शिफ्टने मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता येतो. नवखा माणूस घाबरतो ते आवाज आवरत नाही म्हणून. त्यानंतर ‘मी कुठे आहे’ हे सांगणाऱ्या कीज. एनव्हीडीएची खास की म्हणजे इन्सर्ट (सेटिंगमध्ये कॅप्स लॉकही करता येते, लॅपटॉपवर तेच बरं). ती धरून टी दाबलं की खिडकीचं नाव, टॅब दाबलं की आत्ता कशावर आहोत ते कळतं. बाकी सगळं गरज पडेल तसं येतं. वेबपेजवर एचने एका मथळ्यावरून दुसऱ्यावर आणि केने एका लिंकवरून दुसरीवर जायचं, हे परीक्षेचा फॉर्म भरायला बसला की तो आपोआप शिकेल.

आणि त्याला इन्सर्ट व अक्षरांच्या वरच्या ओळीतला 1 आवर्जून दाखवा. ते दाबल्यावर कुठलीही की दाबा, काम काहीच होत नाही, फक्त तिचं नाव आणि एनव्हीडीएमध्ये ती काय करते ते ऐकू येतं. पुन्हा दाबलं की नेहमीसारखं. बोटांनी चाचपडत, बिनधास्त कीबोर्ड फिरून यायला याहून चांगली सोय नाही. एनव्हीडीए फुकट आहे, 2006 साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने ते सुरू केलं. आपल्यातल्याच माणसाने बनवल्याचं अशा ठिकाणी जाणवतं. दुसऱ्याच्या संगणकावर बसायची वेळ आली तर विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबा, विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, नॅरेटर, बोलू लागतो.

आता कन्सोल, म्हणजे तीच काळी कमांडची खिडकी. विंडोज आणि आर, मग सीएमडी लिहून एंटर. समजा, मला ओझरची बिलं हवीत. नुसतं डीआयआर (फोल्डरमधल्या फाईलींची यादी देणारी कमांड) लिहिलं तर प्रत्येक फाईलची तारीख, वेळ, आकार आणि शेवटी नाव असं सगळं ऐकावं लागतं. म्हणून मी लिहिते: डीआयआर, स्पेस, स्लॅश बी, स्पेस, स्टार ओझर स्टार. आता फक्त ओझर असलेली नावं येतात, बाकी काही नाही. यादी मोठी असेल तर त्याच ओळीच्या शेवटी पाईपचं चिन्ह (उभी रेघ) आणि सीएलआयपी. मग स्क्रीनवर काहीच येत नाही, सगळं क्लिपबोर्डवर जातं. नोटपॅड उघडून कंट्रोल व्ही, आणि बाणाने एकेक ओळ निवांत ऐकायची. फक्त फाईलींची नावं रोमन लिपीत ठेवा, देवनागरी नावांची या वाटेने जाताना प्रश्नचिन्हं होतात.

आलेलं उत्तर परत ऐकायचं असेल तर नम लॉक बंद करून नंबरपॅडवर 7 मागची ओळ, 8 चालू ओळ, 9 पुढची. 4, 5, 6 शब्दांसाठी, 1, 2, 3 अक्षरांसाठी. वरचा बाण आधीची कमांड परत आणतो, टॅब फाईलचं अर्धं नाव पूर्ण करतो, पण एंटरच्या आधी 8 दाबून ओळ ऐकायचीच. या तिन्ही ओळींच्या कीज हाताशी असाव्यात म्हणून भावाला नंबरपॅडवाला साधा यूएसबी कीबोर्ड घेऊन द्या. लॅपटॉपसाठी वेगळी मांडणी आहे, पण ती बोटांना अवघड जाते.

एक सेटिंग कुणी सांगत नाही. सुरुवातीला एनव्हीडीए उलटा स्लॅश, अंडरस्कोर अशी चिन्हं गिळून टाकतं. निबंध ऐकताना ते ठीक, कमांडमध्ये घात होतो. इन्सर्ट आणि पी दाबत गेलं की चिन्हं किती वाचायची ते बदलतं, कन्सोलमध्ये ‘सगळी’ ठेवा. इन्सर्ट, कंट्रोल आणि पीने त्या प्रोग्रॅमपुरतं वेगळं प्रोफाइल (सेटिंगचा वेगळा संच) करता येतं, म्हणजे बाकीकडे कटकट नको. एखादी कमांड पानंच्या पानं ओकत असेल तर इन्सर्ट आणि अक्षरांच्या वरच्या ओळीतला 5. नवा मजकूर आपणहून वाचणं बंद होतं, काम संपल्यावर परत चालू करायचं.

डीईएल मात्र त्याला सर्वांत शेवटी शिकवा. या कमांडने पुसलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जात नाही. मी आधी तोच नमुना (स्टार ओझर स्टारसारखा) डीआयआरला देते, कोणती नावं येतात ती शेवटपर्यंत ऐकते, आणि मगच डीईएल लिहिते.