चाळिशी ओलांडल्यावर घर, मुलं आणि शेती सांभाळून बारावी करता येते का?

ताई, तुमचं वय 41, दहावी झाली की लग्न, दोन मुलं शाळेत, घरी शेती, आणि आता सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून, बारावी करायचं मनात आहे. पण दिवसातून वेळ कुठून काढायचा, असं तुम्ही विचारलंय. हे सगळं मी 2025 मध्ये करून बसले आहे, म्हणून लिहिते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. सात एकर शेती, त्यातलं अडीच एकर विहिरीखाली, बाकी वरच्या, म्हणजे पावसाच्या पाण्यावर. घरात आमचे हे, सासूबाई, आठवीतला मुलगा आणि एक म्हैस. मोठी मुलगी नर्सिंगला, होस्टेलवर. माझी दहावी 1998 ची. बारावीला कला शाखा घेतली.

वेळेची मला सुरुवातीला तुमच्यासारखीच धास्ती होती. पण वेळ सापडतो हो. मला नडली ती दुसरीच गोष्ट. पुस्तक घेऊन बसलेली बाई कामात आहे, असं आपल्याकडे कोणी धरतच नाही.

पहिल्या महिन्यात मी दुपारी दीड ते अडीच ठरवले होते. जेवणं झालेली, भांडी झालेली, हे शेतात. पुस्तक उघडलं की सासूबाई म्हणणार, "बसूनच हायेस तं माह्या गुडघ्याले तेल लावून दे व." शनिवारी मुलगा घरी असला की, "आई, रिकामी आहेस ना, माझं बटन लावून दे." शेजारची जाऊबाई दारातूनच, "मजा हाये बाप्पा तुयी!" आणि तीच मी सुपात तूर घेऊन निवडायला बसले की तासभर कोणी हाक मारत नाही. निवडणं म्हणजे काम आणि वाचणं म्हणजे नुसतं बसणं, असा तो हिशेब.

मग मी सूप घेऊनच बसायला लागले. मांडीवर सूप, सुपात मूठभर तूर, आणि सुपाच्या वरच्या कडेला टेकवलेलं राज्यशास्त्र. पान उलटायचं झालं की दोन दाणे इकडचे तिकडे करायचे. एकच मूठ मी दीड महिना निवडली. शेवटी त्या तुरीला भुंगे लागले आणि सासूबाईंना कळलं. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्या एवढंच म्हणाल्या, "दाणे तरी बदलवायचे होते." त्यानंतर कधी कधी दारात आलेल्या बाईला त्या परस्पर सांगायच्या, "थांब, वाचून रायली ते." अर्थात दहा मिनिटांनी त्यांना स्वतःला चहा लागायचाच. पण दहा मिनिटं तर दहा मिनिटं.

खरा अभ्यास माझा शेतात झाला, तोही रात्री. तुमच्याकडेही असंच असेल, शेतीची लाईन, म्हणजे वीज, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. डिसेंबरात हरभऱ्याला पाणी सुरू होतं, स्प्रिंकलरवर. दर अडीच-तीन तासांनी पाइप उचलून पुढच्या जागी लावायचे. रानडुकरांमुळे यांनी एकट्यानं जाऊ नये म्हणून मी दरवर्षीच सोबत जाते. आधी मी तिथं शेकोटीजवळ पेंगायची. त्या हिवाळ्यात पाण्याच्या मोटारीच्या खोपडीत (छोट्या झोपडीत) स्टार्टरच्या पेटीवर जो बल्ब आहे त्याच्याखाली पोतं अंथरलं. एक पाइप बदलला की दुसऱ्या बदलापर्यंत एक धडा. तिथं कोणी बटन मागत नाही, पाहुणा येत नाही, मोबाइलला रेंज नसते. बोटं गारठायची, पेन धरवत नसे, म्हणून लिहायचं काम मी दुपारच्या सुपावर ठेवलं आणि रात्री फक्त वाचलं.

अर्थशास्त्रात बाजाराचे प्रकार हा धडा तिथंच वाचला. पूर्ण स्पर्धेत विक्रेते खूप असतात, एकट्याच्या मालानं भावात काही फरक पडत नाही, म्हणून विक्रेता हा "किंमत स्वीकारणारा" असतो, असं त्यात दिलंय. मी रात्री दीड वाजता एकटीच मोठ्यानं हसले. हे पाइप टाकून धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. मी तो परिच्छेद वाचून दाखवला. "हे सांगाले पुस्तक लागते काय?" म्हणाले. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. आम्हाला वेचणीची मजुरी चुकवायची होती, सरकारी खरेदीचे पैसे येईपर्यंत थांबता येणार नव्हतं. दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्यानं त्याहून कमी सांगितला, आणि आम्ही किंमत स्वीकारली. पुढे पेपरात मी उदाहरण म्हणून हाच कापूस लिहिला. म्हणून सांगते, अर्थशास्त्राला भिऊ नका. त्यातलं अर्धं आपल्या घरात घडलेलं असतं, फक्त नावं नवी असतात.

आता कागदपत्रांचं. यात माझा दीड महिना गेला. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. माझा दाखला दहावीनंतर कोणी काढलाच नव्हता. कशाला काढतील, पुढं शिकायचंच नव्हतं. माहेर वर्धा जिल्ह्यात, तिथल्या शाळेत गेले तर बाबूंनी कपाटातून 1990 च्या दशकातलं जनरल रजिस्टर काढलं, पानांच्या कडा वाळवीनं कुरतडलेल्या. माझ्या ओळीत सगळं होतं. वडिलांचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा. फक्त शाळा सोडल्याची तारीख आणि कारण हे दोन रकाने कोरे. बाबूंनी त्या दिवशी भरले ते. म्हणजे कागदोपत्री मी सव्वीस वर्षं त्या शाळेतच होते. तुमचा दाखला काढलेला असून हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागतं.

दहावी नागपूर विभागाची आणि बारावी अमरावती विभागातून, याची मी उगाच काळजी केली. राज्य मंडळ एकच आहे. फॉर्म मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरतात, आणि संपर्क केंद्र म्हणून एक कनिष्ठ महाविद्यालय निवडावं लागतं. माझ्या केंद्रावर कागद द्यायला गेले तेव्हा खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "मुलगी कुठं आहे? सही तिची लागते." मी म्हटलं, मुलगी होस्टेलवर आहे, सही माझीच आहे. पुढच्या दोन खेपांना त्यानं मला हेच विचारलं. तोंडी परीक्षा आणि प्रकल्प त्याच केंद्रावर होतात, पर्यावरण शिक्षण आणि जलसुरक्षेचासुद्धा प्रकल्प असतो, म्हणून एकदा फॉर्म भरून थेट फेब्रुवारीत उगवलं असं चालत नाही. मधून मधून जाऊन विचारत राहा, निरोप आपल्यापर्यंत येईलच असं नाही.

फॉर्म मी दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या, म्हणजे माहेरच्या नावानं भरला. वह्यांवरही तेच नाव लिहायची. चोवीस वर्षांत त्या नावानं मला कोणी बोलावलं नव्हतं. मला त्याचं अप्रूप वाटत होतं आणि तिकडे वेगळंच चाललं होतं. जानेवारीत मुलाला गणिताच्या घटक चाचणीत वीसपैकी चार मिळाले. आईची सही आणायला सांगितली होती. मला त्रास नको म्हणून (असं त्याचं म्हणणं) त्यानं स्वतःच सही केली, आणि माझ्या वह्यांवर रोज दिसायचं तेच माहेरचं नाव टाकलं. सरांनी शाळेत बोलावून कागद समोर धरला, "ह्या बाई कोण?" मला हसूही येत होतं आणि रडूही. त्याला गणित जमेनासं होऊन चार महिने झाले होते आणि आम्हा दोघांपैकी कोणाला पत्ता नव्हता. हे तुम्हाला मुद्दाम सांगते. घर सांभाळून होतं असं लोक सांगतात, पण काहीतरी सांडतंच. त्या वर्षी मी कुरडया केल्या नाहीत, दोन लग्नांना गेले नाही, त्याचं मला काही वाटत नाही. गणिताचं वाटतं. मग रात्रीच्या जेवणानंतरचा अर्धा तास त्याचा ठेवला. त्यातली निम्मी गणितं मलाही येत नव्हती, आम्ही मुलीला फोन लावायचो.

निकाल 5 मेला लागला. इंग्रजीत नापास. 26 मिळाले, 35 लागतात. बाकी सगळे विषय निघाले. इंग्रजीचं पुस्तक मुलीचंच होतं, शाखा कुठलीही असली तरी तेच चालतं, पण मी ते सगळ्यात शेवटी उघडलं. लाज म्हणा. मोठ्यानं वाचायला घरात कसंतरी वाटायचं. तुम्ही ते सगळ्यात आधी उघडा, आणि म्हशीसमोर का होईना, मोठ्यानं वाचा.

पुरवणी परीक्षा आली जूनच्या शेवटी, ऐन सरकी टोबायच्या, म्हणजे कपाशीचं बी लावायच्या दिवसांत. पेपरच्या दोन दिवस आधी पाऊस झाला, वाफसा आला, म्हणजे माती पेरणीजोगी ओली झाली, मजूर बायका सांगून ठेवलेल्या. मी घरी कसं सांगावं या विचारात, तर हे सकाळी बियाण्याची पिशवी मोटारसायकलला बांधून म्हणाले, "पेपर दे तू. टोबणं काय, उद्याही होते." उद्याही होत नसते, वाफसा कोणासाठी थांबत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. बायकांसोबत त्यांनीच दिवसभर टोबलं. इंग्रजीत 41 मिळाले.

तुमच्यासाठी घाईचं काम एकच आहे, दाखला. फॉर्म पावसाळ्यात सुरू होतात, नंतर भरला तर विलंब शुल्क लागतं, आणि जुन्या शाळेतले बाबू एका खेपेत सापडतीलच असं नाही. जाताना दहावीची गुणपत्रिका आणि आधार कार्ड सोबत न्या. दहावीचं वर्ष नक्की आठवत नसेल तर एखाद्या वर्गमैत्रिणीला विचारून जा, म्हणजे रजिस्टर लवकर सापडतं. आणि सुपाची गरज पडलीच तर गहू घ्या, तुरीला कीड फार लवकर लागते.