पहिली गिटार घेतोस तर

भाऊ, अंग लहान असलेली गिटार पाहतोस हे बेस केलं. ड्रेडनॉट म्हणजे मोठ्या, रुंद अंगाच्या गिटारवर उजवा हात काखेपासून अवघडते. यामाहाची एफएस मालिका किंवा 'कॉन्सर्ट' आकाराची दुसरी कोणतीही पाह्य. मात्र लहान अंग म्हणजे पोरांची 'थ्री-फोर्थ' (पाऊण आकाराची) नव्हे. दुकानदार तीच गळ्यात मारते.

फोटो पाहून घेऊ नको. एक दिवस काढ, नागपूर नाहीतर अमरावतीला जा, हातात धरून पाह्य:

- गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या (फ्रेट) असतात. बाराव्या पट्टीवर तार त्या पट्टीच्या माथ्यापासून अडीच-तीन मिलिमीटरच वर असावी. जास्त असली की बोटं सोलतात, अन् पोरगा पंधरा दिवसांत गिटार खुंटीला टांगते. मीही टांगली होती.
- प्रत्येक पट्टीवर सूर वाजव. खरखर आली की ठेवून दे.

सॉलिड (अखंड) लाकडाच्या मोहात सध्या पडू नको. मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 वर जाते, हवा कोरडीठाक. प्लायची गिटार ते बरं सोसते. टिनाच्या खोलीत मात्र तीही ठेवू नको, अन् कूलरसमोर तर नाहीच.

तारा 11 च्या, नाहीतर 10 च्या लाव (सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). पिकअप (आवाज स्पीकरला पोचवणारा), इक्वलायझर (आवाजाचा पोत बदलणारा) सध्या राहू दे. त्या पैशात ट्यूनर (सूर जुळवायचं यंत्र) अन् कव्हर येते.